वरच्या खिशातला कागद

लिफ्टवाला पोरगा सकाळी साडेनऊला आला, वर मशीनरूममध्ये अर्धा तास ठोकठाक केली आणि जाताना माझ्या हातात सर्व्हिस रिपोर्टची पिवळी कॉपी ठेवली. कार्बनची, निम्मी पुसट. सगळीकडे टिकमार्क, आणि खाली रिमार्कच्या चौकटीत गिचमिड अक्षरात 'एआरडी बॅटरी डेड, अर्जंट बदलणे'. लाइट गेली की लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडून देते ती ही बॅटरी, आमच्याकडे आतला छोटा दिवा आणि घंटाही तिच्यावरच. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, सहा वर्षं झाली, दुसरं कोणी उभंच राहत नाही म्हणून, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ. पण त्या दिवशी घरी सुनेची मंगळागौर होती, बायकोने पत्री, केवडा आणि दोन डझन केळी अशी यादी दिलेली आणि मी चपला घालून दारातच उभा होतो. सही केली, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या वरच्या खिशात यादीच्या मागे सरकवला. "बघतो रे," म्हटलं.

दिवसभर तो कागद तिथेच. मध्ये दोनदा बाहेर आला, आणि तेच जास्त टोचतंय. एकदा गेटपाशी तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले काका भेटले, त्यांना काढून दाखवला, हे बघा, आणखी खर्च, मेन्टेनन्स वाढवला की पुन्हा माझ्याच नावाने शंख. दुपारी जेवणं झाल्यावर व्याह्यांना दाखवला, सेक्रेटरीचं आयुष्य कसं असतं ते बघा म्हणून. दोघंही हसले. मीपण हसलो. कागद परत खिशात. संध्याकाळी सातच्या सुमाराला पावसाने एक जोरदार सर मारली आणि लाइट गेली. चौथ्या मजल्यावरच्या काकू, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात, आमच्याकडे यायला निघाल्या होत्या, हातात ओटीची पिशवी. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. अंधारात. पन्नास मिनिटं. घंटा वाजत नव्हती म्हणून त्या दारावर नारळ आपटत होत्या आणि खाली आमच्याकडे झिम्मा चालू होता, त्या आवाजात पहिली दहा-बारा मिनिटं कोणाला कळलंच नाही.

बाहेर आल्या तेव्हा केस सुटलेले, पिशवी फाटलेली आणि लिफ्टभर तांदूळ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बॅटरी गेली असेल रे. नवीन का घालत नाहीत हे लोक?"

मी म्हटलं, "बघतो काकू."

त्या रात्री झोप काही येईना आणि मला इस्मे आठवला. जोसेफ ब्रूस इस्मे. नाव ऐकून ट्यूब पेटली नसेल तर टायटॅनिक सिनेमातला तो मिशीवाला मालक आठवा, जो कॅप्टनला जहाज जोरात हाणायला सांगतो आणि शेवटी गुपचूप बोटीत बसतो. माझी नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात गेली, एकतीस वर्षं, आणि आमच्याकडे मंद दिवसात, म्हणजे पावसाळ्यात जहाजं बाहेर नांगर टाकून बसली की, जुन्या अपघातांच्या गोष्टी निघायच्या. साहेब लोकांना त्याचा षौक. टायटॅनिकच्या चौकशीचे सवाल-जबाब छापील मिळतात, ते मी तिथेच पहिल्यांदा वाचले, आणि नंतर रिटायर झाल्यावर परत वाचले, आता तर ते नेटवर आहेत कोणालाही वाचायला. सिनेमातला माणूस आणि त्या कागदांतला माणूस एक नाही वाटत. कागदांतला जास्त ओळखीचा वाटतो, आणि हीच पंचाईत आहे.

बाप मोठा होता. थॉमस इस्मे, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, १८६८ साली व्हाइट स्टार नावाच्या बुडीत जहाज कंपनीचं नुसतं नाव आणि झेंडा हजार पौंडाला विकत घेतला आणि त्यावर अटलांटिकवरची एक मातब्बर लाइन उभी केली. मुलगा १८६२ चा, लिव्हरपूलजवळच्या क्रॉसबीचा, हॅरो स्कूलमध्ये शिकलेला. शिक्षण झाल्यावर बापाच्याच ऑफिसात उमेदवारीला आला. त्याच्या पहिल्या दिवसाचा एक किस्सा सांगतात की पोराने आपली हॅट आणि कोट बापाच्या केबिनमध्ये ठेवला, तर बापाने सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात कोणाला तरी सांगितलं की त्या नवीन ऑफिसबॉयला सांगा, हॅट-कोट माझ्या खोलीत टाकत जाऊ नकोस. मला हा किस्सा वाचला की पोटात काहीतरी होतं. पेढीवर बसलेली मुलं आपल्याकडेही पाहिली आहेत मी, मशीद बंदरला, बाप गल्ल्यावर आणि चाळिशीचा मुलगा शेजारी स्टुलावर, गिऱ्हाइकासमोर बापाचं ऐकून घेतोय. अशी माणसं दोन तऱ्हेची होतात. काही बापासारखीच ओरडायला लागतात. काही आतून लाजाळू आणि बाहेरून ताठ होतात, आणि लोक त्यांना माजोरडे म्हणतात. इस्मे दुसऱ्या तऱ्हेचा, असं मला वाटतं.

पुढचं पटकन सांगतो. न्यूयॉर्कला कंपनीचा एजंट म्हणून गेला, तिथलीच मुलगी केली, १८९१ ला भागीदार होऊन परत आला, १८९९ ला बाप गेला. तीन वर्षांत, १९०२ साली, कंपनी अमेरिकेच्या जे. पी. मॉर्गनच्या ट्रस्टला विकली गेली आणि १९०४ मध्ये त्या अख्ख्या ट्रस्टचा अध्यक्ष इस्मेच झाला. म्हणजे बापाची कंपनी, पैसा मॉर्गनचा, खुर्ची याची. तिकडे क्युनार्ड या दुसऱ्या लाइनवाल्यांनी १९०७ मध्ये लुसिटानिया आणि मॉरिटानिया ही जहाजं काढली, वेगात त्यांना गाठणं कठीण, मग बेलफास्टच्या जहाज कारखान्याचे लॉर्ड पिरी आणि इस्मे यांनी जेवणाच्या टेबलावर ठरवलं की आपण वेगात नाही तर आकारात आणि ऐशोआरामात मात करायची. त्यातलं दुसरं जहाज टायटॅनिक. ४६ हजार टनांच्या वर. लाइफबोटी २०, त्यात जागा ११७८ माणसांना, आणि त्या रात्री जहाजावर २२०० च्या आसपास माणसं. यात गंमत अशी की कायदा मोडलेला नव्हता. ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडचा नियम १८९४ च्या जहाजांवर बेतलेला, दहा हजार टनांच्या वर जहाज कितीही मोठं असो, बोटी सोळा टांगल्या की झालं. टायटॅनिकवर तर चार जास्तच होत्या. आमच्या लिफ्टचं सर्टिफिकेटसुद्धा भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे, व्हॅलिड आहे, हवं तर येऊन बघा.

आता तो कागद.

१४ एप्रिल १९१२, रविवार. दुपारच्या जेवणाच्या आधी कॅप्टन स्मिथ डेकवर इस्मेला भेटला आणि काही न बोलता त्याच्या हातात एक बिनतारी संदेश दिला. बाल्टिक जहाजाकडून आलेला. एका ग्रीक जहाजाने अमुक अक्षांश-रेखांशावर हिमनग आणि बर्फाचे मोठे पट्टे पाहिलेत, शिवाय एक जर्मन तेलवाहू जहाज कोळसा कमी पडून लटकलंय, आणि शेवटी शुभेच्छा. इस्मेने बघितला आणि खिशात टाकला. दुपारी मिसेस थेअर आणि मिसेस रायरसन या दोघी पॅसेंजर बायकांशी बोलताना तो काढून दाखवला. मिसेस रायरसन त्या वेळी दुःखात होत्या, अमेरिकेत त्यांचा तरुण मुलगा मोटार अपघातात गेला होता, म्हणून त्या घाईने परत निघालेल्या. अशा बाईला माणूस बर्फाची चिठ्ठी काढून दाखवतो. का? मी खूप विचार केलाय यावर. मला वाटतं त्याला बोलायला दुसरं काही सुचलं नसेल. लाजाळू माणसाला खिशात काहीतरी असलं की बरं असतं. आणि थोडी फुशारकीही असणार, बघा, कॅप्टन मला हे देतो. संध्याकाळी सात-सव्वासातला स्मोकिंग रूममध्ये कॅप्टन आला, तो संदेश आहे का म्हणाला, ऑफिसरांसाठी चार्टरूममध्ये लावायचाय. इस्मेने खिशातून काढून दिला. पाच-साडेपाच तास. रात्री ११:४० ला धडक.

मी आमच्या ऑफिसात नवा लागलो तेव्हा टेलेक्सचा जमाना होता. टेलेक्स मशीनमधून कागद फाडला की पहिलं काम म्हणजे त्यावर 'रिसिव्हड'चा रबरी शिक्का, शिक्क्यात पेनाने वेळ, मग तो ट्रेमधून टेबलाटेबलावर फिरायचा आणि ज्याने वाचला त्याची आद्याक्षरं कोपऱ्यात. जांभळी शाई, बोटांना लागली की दोन दिवस जात नसे, डबा खाताना पोळीला वास यायचा तिचा. एकदा एका कागदावर वेळ टाकायची राहिली तर आमच्या साहेबांनी मला बोलावून काही न बोलता तो कागद आणि शिक्का समोर ठेवला आणि मी थरथरत शिक्का मारेपर्यंत बघत बसले. एकतीस वर्षं हे केलेला माणूस मी. आणि पिवळ्या कॉपीच्या चार घड्या.

आता कोणी म्हणेल की त्या एका कागदाने काय फरक पडणार होता. खरंच, कदाचित काहीच नाही. बर्फाच्या सूचना दुसऱ्याही जहाजांकडून आल्या होत्या, हा संदेश कॅप्टनने स्वतः वाचलेलाच होता, आणि हवा स्वच्छ असेल तर वेग कमी न करता पुढे बघत जायचं ही त्या मार्गावरची वर्षानुवर्षांची रीत, हे पुढे लंडनला लॉर्ड मर्सीच्या चौकशीतही आलं. म्हणून मला कागदापेक्षा तो देणं जास्त खटकतं. कॅप्टनने तो इतर कुठल्या पॅसेंजरला दिला असता का? नाही ना. मालक म्हणून दिला. आणि चौकशीत इस्मे काय म्हणतो, तर मी साधा पॅसेंजर होतो, जहाज चालवण्यात माझा काही संबंध नव्हता. त्यावर लंडनला त्याला विचारलं गेलं की पॅसेंजर म्हणून तुम्ही भाडं तर भरलं नसेल. तो म्हणाला, नाही. एवढंच. पानावर ती एक ओळ आहे, पण मी ती वाचताना दर वेळी थांबतो. मी स्वतः मीटिंगमध्ये शंभरदा बोललोय, अहो मीपण तुमच्यासारखाच मेंबर आहे, मला काय पगार मिळतो का. आणि नोटीसबोर्डाची किल्ली माझ्या जानव्याला. म्हणजे तशी म्हणायची पद्धत, किल्ली टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये असते.

बोटीत बसण्याबद्दल मात्र मी त्याला कधीच फार बोल लावू शकलो नाही. पायजमा-स्लीपरवर ओव्हरकोट चढवून तो डेकवर धावला होता, बायकापोरांना बोटीत चढवत होता, आणि एका बोटीपाशी "सोडा, खाली सोडा" म्हणून इतका ओरडत होता की पाचवा ऑफिसर लो त्याच्यावर खेकसला, बाजूला हो, सगळ्यांना बुडवायचंय का? लोला माहीतच नव्हतं हा कोण आहे. इस्मे एक शब्द न बोलता पुढच्या बोटीकडे गेला. हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात बरं दृश्य वाटतं, त्या पाच मिनिटांत तो कोणाचाच मुलगा नव्हता आणि कशाचाच अध्यक्ष नव्हता. शेवटी शेवटी कोलॅप्सिबल सी नावाची घडीची बोट खाली सोडायची वेळ आली, त्याच्या म्हणण्याप्रमाणे आसपास कोणी उरलं नव्हतं, जागा होती, आणि तो चढला. त्याचा नोकर आणि सेक्रेटरी, दोघंही बुडाले. लॉर्ड मर्सीने रिपोर्टमध्ये लिहिलं की तो चढला नसता तर बुडालेल्यांत फक्त आणखी एकाची, त्याची स्वतःची, भर पडली असती. कायद्याने सुटला. पण पंधराशेच्या आसपास माणसं गेली आणि मालक कोरड्या कपड्यात वाचला हे कुठल्या देशात खपलं असतं? अमेरिकन पेपरवाल्यांनी जे. ब्रूसचं जे. ब्रूट केलं. ते वाचून हसू येतं आणि मग लाज वाटते, कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या सेक्रेटरीचं नाव असंच फिरवून ठेवणारा मीच होतो.

अमेरिकेच्या सिनेटपुढे तो पहिला साक्षीदार, १९ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात. सिनेटर स्मिथने विचारलं, जहाज बुडताना तुमची पाठ होती? हो, मी वल्हवत होतो, मला ते बुडताना बघायचं नव्हतं. बघितलं नाही याचं बरं वाटतं. असं तो बोलून गेला. आता कोकणातला कोणीही सांगेल की वल्हं ओढणाऱ्याचं तोंड मागे असतं, जिथून निघालो त्या बाजूला. म्हणजे हा बहुतेक उलटा बसून वल्हं ढकलत असणार. त्या थंडीत, स्लीपर घालून, मुद्दाम उलटा.

मदतीला आलेल्या कार्पेथिया जहाजाने उचलल्यावर तो डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरला तो न्यूयॉर्क येईपर्यंत फारसा बाहेर आलाच नाही. मिसेस थेअरचा सतरा वर्षांचा मुलगा, ज्याचा बाप नुकताच बुडाला होता, तो भेटायला गेला तर हा पलंगावर बसून समोर बघत नुसता थरथरतोय, बोललेलं ऐकूच जात नाहीये. उचललं त्याच दिवशी, सोमवारी सकाळी, इस्मेने न्यूयॉर्क ऑफिसला तार लिहिली होती की टायटॅनिक बुडालं, मोठी जीवितहानी, सविस्तर नंतर. ती पोचली बुधवारी. वायरलेसवाल्याकडे संदेशांचा ढीग होता म्हणून. पण ज्याच्या हातून एक कागद उशिरा गेला त्याचाच दुसरा कागदही उशिरा पोचावा, याला काय म्हणायचं. मधल्या काळात त्याने ऑफिसला आणखी तारा केल्या, आपलं सेड्रिक जहाज थांबवून ठेवा, उरलेल्या खलाशांना घेऊन लगेच परत जायचंय, आणि खाली सही 'यामसी'. इस्मेचं उलटं. तो त्याचा नेहमीचा तारेतला संकेत होता म्हणे, पण सिनेटला वाटलं हा नाव बदलून पळतोय.

नंतरची पंचवीस वर्षं सिनेमात येत नाहीत. १९१३ च्या ३० जूनला अध्यक्षपद सुटलं, सोडायचं हे टायटॅनिकच्या आधीच ठरलेलं होतं, पण त्याला बापाची लाइन तरी आपल्याकडे राहावी असं वाटत होतं, ती दिली नाही. खलाशांच्या विधवांसाठी फंड काढला, त्यात त्याचे स्वतःचे दहा हजार पौंड आणि बायकोचे एक हजार, महायुद्धानंतर १९१९ मध्ये व्यापारी जहाजांवरच्या लोकांसाठी आणखी पंचवीस हजार. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, कोनेमारात, घर घेतलं आणि मासे पकडत बसायचा. १९३६ मध्ये मधुमेहाने उजवा पाय गुडघ्याखाली कापला, १७ ऑक्टोबर १९३७ ला लंडनमध्ये गेला. घरात टायटॅनिक हा शब्द काढायचा नाही असा दंडक होता. त्याच्याबद्दल आणखी एक सांगतात, लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये गाण्याला एकटाच जायचा आणि दोन तिकिटं काढायचा, एक स्वतःचं, दुसरं हॅट आणि कोटाचं. हे वाचलं तेव्हा मला बापाच्या केबिनमधली ती हॅट आठवली. शेवटी तिला जागा मिळाली, पैसे भरून.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवते ती एक धंद्यातली गोष्ट, जी शिपिंगवाल्यालाच लागेल. इस्मे जहाजमालकांच्या एका विमा मंडळाचा चेअरमन होता, लिव्हरपूल अँड लंडन, ज्याला आमच्या भाषेत पी अँड आय क्लब म्हणतात. जहाजावर कोणी मेलं, कोणाचा पाय तुटला, कोणाचा माल भिजला की दावे येतात ते या क्लबकडे. बॅलार्ड इस्टेटमध्ये अशा क्लबांचं काम करणारी ऑफिसं आहेत, मी तिथे फायली घेऊन कितीदा गेलोय, तांब्याच्या पाट्या, जुना लाकडी जिना, टेबलावर मृत खलाशाचं रेशनकार्ड आणि शेजारी चहाचा कप. टायटॅनिकच्या मृतांच्या नातेवाइकांचे दावे याच मंडळाकडे आले. आणि म्हणतात की त्याच्या काळातल्या मिनिट्स बुकात टायटॅनिकचा उल्लेख नाही असं पान क्वचितच सापडतं. म्हणजे घरी शब्द बंद, आणि ऑफिसात दर मीटिंगला तोच विषय अजेंड्यावर, अमुक स्टोकरची बायको, तमुक वेटरची आई, रक्कम, मंजूर, चेअरमनची सही. वर्षानुवर्षं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, सोडून जाता आलं असतं. हा माणूस भित्रा होता असं म्हणणाऱ्यांना मी ते मिनिट्स बुक दाखवीन. आणि तो शूर होता असं म्हणणाऱ्यांना तो कागद.

आमच्या सोसायटीचं मिनिट्स बुक मीच लिहितो. लांब, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, दर पानावर नंबर. मंगळागौरीनंतरच्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली, बँकवाले काकाही होते, मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि त्यांनी माझ्याकडे. त्यांना कागद आठवत असणार. किंवा नसेलही, त्यांना मी मेन्टेनन्सचं रडगाणं म्हणून दाखवला होता. बॅटरी बदलून झाली होती तोवर, दुसऱ्याच दिवशी मी स्वतः माणूस बोलावून बदलून घेतली. घरी आल्यावर वही उघडली आणि लिहिलं, "लिफ्टची एआरडी बॅटरी अचानक निकामी झाल्याने सदस्यांची गैरसोय झाली. बॅटरी तातडीने बदलण्यात आली. सेक्रेटरींचे आभार मानण्यात आले." आभार खरंच मानले होते, ते काही मी पदरचं घातलं नाही. 'अचानक' तेवढं माझं.

शर्ट त्याच आठवड्यात धुवायला गेला. बायकोने मशीनमधून काढताना खिशातून पिवळा लगदा काढला, बोटाने पसरवत म्हणाली, "अहो, हे काय होतं? कामाचं नव्हतं ना?"

"नाही," म्हटलं.

काकू त्या दिवसापासून लिफ्टने जात नाहीत. चार मजले चढून जातात, हळूहळू, प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबतात. मी दोनदा सांगितलं की काकू, नवीन बॅटरी आहे, मी स्वतः लाइट बंद करून तपासलीय, तर हसून म्हणतात की डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय. लिफ्टच्या दाराच्या खाचेत अजून तांदळाचे दाणे आहेत, झाडूने निघत नाहीत, मी एकदा जुनी विणायची सुई घेऊन बसलो होतो पण वॉचमन बघायला लागला म्हणून उठलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच. संध्याकाळी साडेसहाला त्या भाजी घेऊन येतात, स्लीपरचा आवाज, पिशवीचा आवाज, मग आमच्या दारासमोर दम घ्यायला थांबल्याचा आवाज, म्हणजे आवाज बंद झाल्याचा. त्या वेळी कधीकधी मी दूध आणायला निघालेला असतो. पिशवी हातात, कडी काढलेली. मग तसाच आत उभा राहतो, वरच्या पायरीवर पाय पडेपर्यंत.